पाटी आमच्याच दारावर का?

स्टुटगार्टला नव्याने आलेल्या मराठी माणसाला आम्ही इथले जुने लोक पहिला प्रश्न विचारतो तो नोकरीचा नसतो. नोकरी पुण्याहूनच ठरवून आलेली असते. प्रश्न असतो, ‘घर मिळालं का?’ इथं मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे हिंजवडी-चाकणची मंडळी भरपूर, आणि भाड्याची घरं मात्र मोजकी. पगाराच्या तीन स्लिपा, ‘शूफा’ नावाचा पत-दाखला, मागच्या घरमालकाचं पत्र अशी फाइल घेऊन जिन्यात रांग लावायची, मालकाने आपल्याला नखशिखान्त न्याहाळायचं आणि आठ दिवसांनी नकाराचा मेल यायचा. घर मिळालंच तर तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट. शिवाय बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ. ओटासुद्धा आपणच विकत आणून बसवायचा!

हे एवढं सांगायचं कारण असं, की इतक्या खटपटीने मिळवलेल्या घरात एखाद्या शेजाऱ्याने छळ मांडला, तर ‘मग दुसरीकडे जा की राहायला’ हे भारतातून फोनवर सांगणं सोपं असतं. इथं जायला दुसरीकडे घरच नसतं. म्हणून माणसं सोसत राहतात. गेल्या थंडीत ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. तिला येऊन पाच महिने झाले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, ‘ताई, महिनाभर मी घरात फोडणी केलेली नाही. आणि पिल्लूला चवड्यांवर चालायला शिकवलंय.’ पिल्लू दीड वर्षाचं. खालच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात म्हणून. तिला तक्रार करायची होती, पण भीती अशी, की तक्रार केली तर घर जाईल. मी तिला विचारलं, तुझा भाडेकरार कुठाय? म्हणाली, ‘ह्यांच्या मेलमध्ये असेल. जर्मनमध्ये आहे, वाचला नाही कोणी.’

तिथून सुरुवात करावी लागते. म्हणून आधी नियमांबद्दल.

जर्मनीचा हा भाग, म्हणजे श्वाबेन, स्वच्छतेसाठी आणि काटकसरीसाठी अख्ख्या जर्मनीत चेष्टेचा विषय आहे. त्या स्वच्छतेचं दैवत म्हणजे ‘केरवोखे’. वोखे म्हणजे आठवडा. आणि केर? ‘केरेन’ म्हणजे झाडणे. मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही, केराचा आठवडा म्हटलं की झालं. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची पाळी असते. छोट्या केरवोखेत आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा, मोठ्या केरवोखेत तळघर, अंगण, घरासमोरचा पदपथ, हिवाळ्यात बर्फसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला, की त्याने ती पुढच्याच्या दाराला अडकवायची. स्टुटगार्टच्या १४९२च्या नगरनियमांतच दर आठवड्याला आपापली घाण बाहेर नेऊन टाकायचं बंधन होतं. म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघाला तेव्हापासून हे लोक झाडताहेत. शहराने १९८८ मध्ये ही सक्ती आपल्या नियमांतून काढली, पण भाडेकरारांतून ती गेली नाही आणि मनांतून तर नाहीच नाही.

मग शांततेचे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज आपल्या खोलीबाहेर जाता कामा नये. रविवार आणि सणांचे दिवस दिवसभर शांततेचे, आणि हे केवळ सोसायटीचं खूळ नाही, रविवारच्या विश्रांतीला इथं थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी पोलिसांना फोन करू शकतो. काचेच्या बाटल्या नाक्यावरच्या टाकीत टाकायच्या त्यासुद्धा रविवारी नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. कचरा कागद, ओला, प्लास्टिक-पत्रा आणि उरलेला असा वेगळा करायचा. काही करारांत दुपारी एक ते तीनही शांतता लिहिलेली असते.

आपल्याकडच्या बहुतेकांना हे सगळं जाचक वाटतं. मला उलट वाटतं. नव्या माणसाला लेखी नियमासारखा मित्र नाही. नियम कागदावर असला, की जे कागदावर नाही ते कोणी आपल्यावर लादू शकत नाही. आणि नियम असतो तेव्हा तो आठही बिऱ्हाडांना असतो. एकाच बिऱ्हाडाला लावला जातो तो नियम नव्हे. एवढा फरक कळायला मात्र आधी तो कागद शब्दकोश घेऊन बसून वाचावा लागतो.

आता आमची गोष्ट. सात वर्षांपूर्वी आम्ही एका चार मजली इमारतीत राहायला आलो. युद्धात बॉम्बने बरंच शहर पडलं, नंतर पन्नासच्या दशकात भराभर बांधलेल्या इमारतींपैकी ही एक. भिंती भक्कम, पण मजल्यांमधून आवाज जातो. जुन्या इमारतीला आजचे आवाजाचे निकष लागत नाहीत, ती बांधली तेव्हाचे लागतात, त्यामुळे त्याबद्दल फारसं कोणाला काही म्हणता येत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. नवरा, मी आणि दोन वर्षांची लेक. आमच्या बरोबर खाली एक निवृत्त गृहस्थ, एकटे राहणारे. वीसेक वर्षं त्याच घरात.

पहिल्या पंधरवड्यातच बाबागाडीवर चिठ्ठी आली. जिन्याखाली गाडी ठेवायची नाही. तिथं दोन सायकली आणि कोणाची तरी बर्फावरची घसरगाडी आधीपासून होती, त्यांच्यावर चिठ्ठी नव्हती. इमारतीच्या देखभालवाल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, येण्याजाण्याची वाट मोकळी आहे ना, मग बाबागाडी राहू दे. करारातही विरोधात काही नव्हतं. गाडी राहिली. मग एका सकाळी तिच्या चाकाची हवा गेलेली.

नंतर पाटीचा खेळ सुरू झाला. आमचा आठवडा मी जिना पुसून संपवायचे, रविवारी संध्याकाळी पाटी समोरच्या दाराला अडकवायचे, आणि सोमवारी सकाळी ती पुन्हा आमच्या दाराला लटकलेली असायची. एकदा झालं तर चुकून म्हणावं. सलग चार आठवडे झालं. समोरचा विद्यार्थी बिचारा म्हणाला, मी तर हातही लावला नाही. त्यानंतर आमची कचऱ्याची पिशवी डब्यातून काढून दाराशी ठेवलेली, वर लाल अक्षरांत ‘चूक’. त्यात काय चूक होतं ते मला अजून कळलेलं नाही. तळघरात दोरीवर वाळत घातलेले कपडे खाली टोपलीत, ओलेच. आणि ठोकणं. लेक संध्याकाळी सहा वाजता हॉलमधून स्वयंपाकघरात पळत आली, की खालून दांड्याचे तीन ठोके. ठक, ठक, ठक. तिला सुरुवातीला ती गंमत वाटायची, ती उलट पाय आपटून उत्तर द्यायची. मग एक दिवस ती पळायची थांबली.

जिन्यात भेट झाली, की ते मला ‘दू’ म्हणायचे. जर्मनमध्ये ‘दू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही, अगदी आपल्यासारखंच. अनोळखी मोठ्या माणसाला इथं कोणी ‘दू’ म्हणत नाही. इतर सहा बिऱ्हाडांना ते ‘झी’ म्हणायचे, माझ्या नवऱ्यालासुद्धा. इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला यातली बोच लक्षात येणार नाही, पण मराठी माणसाच्या ती लगेच लक्षात येते. ‘तुमच्या देशात हे चालत असेल’ हे वाक्य तर ठरलेलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, ती अशा लेखांत सहसा येत नाही. हा छळ घरात सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. नवरा सकाळी साडेसातला जायचा, संध्याकाळी सहाला यायचा. ठोके ऐकायला, चिठ्ठ्या काढायला, जिन्यात ‘दू’ ऐकायला मीच. भाषा तेव्हा माझी पहिल्या पायरीची, म्हणजे ‘एक पाव आणि दोन सफरचंदं द्या’ इतपत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी जणींचं हेच असतं. संध्याकाळी नवऱ्याला सांगावं तर तो दमलेला, आणि सांगताना प्रत्येक गोष्ट क्षुल्लक वाटते. ‘पाटी अडकवली’ यावर कोणी रडतं का? पण रोज एक क्षुल्लक गोष्ट असं शंभर दिवस चाललं, की माणूस दाराच्या भिंगातून जिना रिकामा आहे ना ते बघून मगच बाहेर पडायला लागतो. जर्मन लोकांनी यासाठी इंग्रजीवरून ‘मॉबिंग’ हा शब्द घेतला आहे. ऑफिसातल्या त्रासाला वापरतात तोच शेजाऱ्याच्या त्रासालाही.

घरच्यांचे सल्ले आलेच. आई म्हणाली, ‘अगं, काहीतरी गोड घेऊन जा त्यांच्याकडे. एकटे आहेत, कोणी विचारत नसेल.’ दिवाळीत बेसनाचे लाडू आणि चकल्या घेऊन गेले. दार अर्धवट उघडलं, ‘आम्हाला काही नको’ म्हणाले, दार बंद. एकटे असून ‘आम्हाला’! सासरे गिरगावात चाळीत वाढलेले. ते व्हिडिओ कॉलवर हसून म्हणाले, ‘चाळीत नळावरून आम्ही एकमेकांच्या कळश्या फेकायचो आणि संध्याकाळी त्याच्याच घरी पत्ते खेळायचो. तुमच्याकडे भांडणसुद्धा कागदावर.’ त्यांनी ते चेष्टेत म्हटलं, पण नेमकं होतं. इथं तोंडावर कोणी ओरडत नाही. जे काही होतं ते चिठ्ठीवर होतं आणि नंतर पत्राने.

ते पत्र जानेवारीत आलं. इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीकडून, घरमालकाच्या वतीने. अशा पत्राला ‘आबमानुंग’ म्हणतात. रीतसर ताकीद. ही साधी गोष्ट नव्हे, कारण ताकीद देऊनही वागणं बदललं नाही असं दाखवता आलं तर मालक करार मोडू शकतो. पत्रात होतं, मूल रात्री-अपरात्री पळतं, सकाळी यंत्राचा कर्कश आवाज येतो, जिन्यात असह्य परदेशी वास पसरतो. खाली तारखांची यादी. अकरा तारखा, वेळेसकट.

नवऱ्याने ती यादी दोनदा वाचली आणि उठून कपाटातून पासपोर्ट काढले. अकरापैकी चार तारखांना आम्ही तिघंही पुण्यात होतो, दिराच्या लग्नाला. घराला कुलूप होतं.

माझी पहिली इच्छा खाली जाऊन त्यांच्या तोंडावर बोर्डिंग पास फेकण्याची होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका तुर्की सहकाऱ्याने आम्हाला अडवलं आणि भाडेकरू संघटनेचा पत्ता दिला. जर्मनीतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात अशी ‘मीटरफेराइन’ असते. देशभरात तीनशेच्या वर आहेत. वर्षाची ठरावीक वर्गणी भरून सभासद व्हायचं, मग त्यांचे वकील भाड्याच्या बाबतीत सल्ला देतात, पत्रं लिहून देतात. इथली माणसं घर घेतानाच सभासद होतात. आपल्या लोकांना मात्र ‘वकील’ म्हटलं की कोर्टकचेरी डोळ्यांपुढे येते.

वकीलबाई पन्नाशीच्या होत्या. पत्र वाचून त्यांनी आधी विचारलं, मूल किती वर्षांचं? दोन. मग म्हणाल्या, दोन वर्षांच्या मुलाचं दिवसा चालणं, रडणं, पळणं हा राहण्याचाच भाग आहे. इथली न्यायालयं साधारण तसंच मानतात. पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांतला मुलांचा आवाज हा प्रदूषण समजू नये, असं तर २०११ मध्ये कायद्यातच लिहिलं गेलं. रात्री उशिरा अंघोळ करण्यावरून भांडण झालं, तेव्हा ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने १९९१ मध्ये अर्ध्या तासापर्यंतची अंघोळ चालेल म्हटलं होतं. मला हे ऐकून हसू आलं, इतक्या बारीक गोष्टींवर निकाल असतात. स्वयंपाकाच्या वासाचंही त्यांनी सांगितलं. स्वयंपाक करणं हा घराचा सामान्य वापर आहे. जिन्याकडे दार उघडं टाकून वाफ बाहेर सोडायची नाही, खिडकी उघडायची, बस. कर्कश यंत्र म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी मोबाइलवर कुकरच्या शिट्टीचा व्हिडिओ दाखवला. त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, दिवसा चालेल.

पण सगळ्यात उपयोगाची गोष्ट त्यांनी वेगळीच सांगितली. मी म्हटलं, आता ते जिन्यात बोलतील तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करते. त्यांनी हात वर केला. खासगीत बोललेलं दुसऱ्याचं बोलणं त्याला न विचारता रेकॉर्ड करणं हा जर्मनीत गुन्हा आहे. छळ सोसणारा माणूसच उलट आरोपी होऊन बसतो. दारावर जिन्याच्या दिशेने कॅमेरा लावणं हेही असंच अंगाशी येतं. भारतात आपला हात आधी मोबाइलकडे जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

त्याऐवजी वही. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं, कोणी पाहिलं. चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, मागे तारीख घालून ठेवायच्या. दाराच्या, पाटीच्या, टोपलीतल्या कपड्यांचा फोटो चालतो, माणसाचा नको. थेट शिवी दिली तर तो इथं फौजदारी गुन्हा आहे आणि तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि छळाची तक्रार शेजाऱ्याच्या दारात न्यायची नाही, मालकाकडे लेखी द्यायची. भाडेकरूला घर नीट वापरता आलं पाहिजे ही जबाबदारी भाडं घेणाऱ्या मालकाची आहे. ‘तक्रार केली तर घर जाईल’ या भीतीचं उत्तर मला तिथं मिळालं. घर तक्रारीने जात नाही. ताकीदीच्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणजे ती मान्य केली असं होत नाही, तरी लेखी उत्तर दिलेलं बरं.

उत्तर गेलं. दोन पानी, अतिशय कोरडं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. चार तारखा, चार तिकिटं, शिक्के मारलेली पासपोर्टची पानं. उरलेल्या सात तारखांबद्दल आमच्या लेकीचं वय. आणि आमच्या बाजूने घडलेल्या गोष्टींची यादी, पाटीपासून बाबागाडीच्या चाकापर्यंत.

साक्षीदारांचं काय, हा प्रश्न होता. समोरचा विद्यार्थी पाटीबद्दल लिहून द्यायला तयार झाला. पण खरा धक्का दिला तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. वय अठ्ठ्याहत्तर. त्या आणि मी तोपर्यंत फक्त ‘ग्रूस गॉट’ म्हणून एकमेकींना ओलांडून जात होतो. (जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला नमस्कार करणं हाही इथला न लिहिलेला नियमच आहे, आणि नव्या माणसाने तो पहिल्या दिवसापासून पाळलेला बरा.) मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, तुम्हाला आमचा त्रास होतो का? त्यांनी मला आत बोलावलं, कॉफी ठेवली आणि सांगायला लागल्या.

आमच्या घरात आधी एक इटालियन कुटुंब होतं. दोन वर्षांत गेलं. त्याआधी एक जर्मन परिचारिका, एकटी मुलगी, रात्रपाळी करून पहाटे यायची. तिलाही असंच ठोकून ठोकून घालवलं. म्हणजे प्रश्न नुसता रंगाचा नव्हता. जो नवा आणि एकटा, तो सोपा. आजी स्वतः सहा वर्षांच्या असताना, १९४६ मध्ये, बोहेमियातून हाकललेल्या जर्मनांबरोबर आईचा हात धरून इथं आल्या होत्या. एका शेतकऱ्याच्या घरातली एक खोली सरकारने त्यांना दिली. त्या जर्मनच, भाषा जर्मन, तरी गावातले लोक त्यांच्या आईला पंप वापरू देत नसत. बाहेरून आलेल्यासाठी इथल्या बोलीत एक खास शब्द आहे, ‘राइग्श्मेक्टे’. म्हणजे चव घ्यायला आत शिरलेले, असं काहीसं. आजी म्हणाल्या, ‘मी इथं सत्तर वर्षांहून जास्त आहे. अजून राइग्श्मेक्टेच.’ मग त्यांनी सुवाच्य अक्षरात एक पानभर लिहून दिलं आणि खाली सही केली. इटालियन कुटुंब गेलं तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं, असंही म्हणाल्या.

मी विचारलं नसतं तर त्यांनी आपणहून सांगितलं नसतं. हा काही निर्दयपणा नव्हे. दुसऱ्याच्या दारातल्या गोष्टीत न बोलावता पडायचं नाही, हा इथला शिष्टाचार आहे. आपण त्याचा अर्थ ‘सगळी बिल्डिंग आपल्याविरुद्ध’ असा घेतो आणि आणखी आत कोंडून घेतो. आठ बिऱ्हाडांपैकी आमच्याविरुद्ध एकच होतं.

मार्चमध्ये कंपनीचा माणूस आला, प्रत्येक घरी जाऊन बोलला. एप्रिलमध्ये ताकीद मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. खालच्या गृहस्थांनाही पत्र गेलं असं कळलं, त्यात काय होतं ते आम्हाला सांगितलं नाही. पाटी आता पाळीप्रमाणे फिरते. ठोके त्यानंतर दोनदाच झाले. लेकीच्या खेळण्याच्या जागी आम्ही जाड गालिचा घातला, खुर्च्यांच्या पायांना मऊ बूच लावले. वकीलबाई म्हणाल्या होत्या, हे करायचं बंधन नाही. पण आमच्या डोक्यावरही कोणीतरी राहतं आणि त्यांच्या खुर्च्या सरकलेल्या आम्हाला ऐकू येतात.

समेट वगैरे झाला नाही. इकडच्या लेखांत शेवटी शेजारी पुरणपोळी खाऊन डोळे पुसतो, तसं काही मला सांगता येणार नाही. ते मला जिन्यात दिसतात, मी ‘ग्रूस गॉट’ म्हणते, ते भिंतीकडे बघत जातात. ‘दू’ मात्र बंद झालं आहे. मला तेवढं पुरतं.

हे वाचून पुण्यातले नातेवाईक ‘बघा, परदेशात कशी वागणूक मिळते’ म्हणतील, म्हणून एक आठवण करून देते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या मीटिंगा मी पाहिल्या आहेत. बॅचलर मुलांना फ्लॅट देऊ नका, नॉनव्हेज शिजवणारे नकोत, ईशान्येकडच्या मुलींकडे कोण येतं-जातं ते वॉचमनने लिहून ठेवावं, हे ठराव तिथं टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले आहेत. वासाची तक्रार तिथंही होती. फक्त तिथं आम्ही जुने होतो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, त्यांचं नातं समारंभांत फार कौतुकाने सांगतात. जिन्याच्या बाबतीत तर ती सख्ख्याच बहिणी म्हणायला हव्यात.

आजींना मागच्या वर्षी मुलीने आपल्या गावी नेलं. जाताना त्यांनी मला त्यांची जिना पुसायची बादली दिली, श्वाबेनमध्ये यापेक्षा मोठा सन्मान नसावा. आणि गेल्या महिन्यात तळमजल्यावर नायजेरियाहून आलेलं एक तरुण जोडपं राहायला आलं. तिला आठवा महिना. पाळ्यांचं वेळापत्रक मी त्यांना इंग्रजीत लिहून दिलं, कोणत्या डब्यात काय टाकायचं तेही. तिसऱ्या दिवशी ती हातात एक चिठ्ठी घेऊन वर आली आणि विचारायला लागली, यात काय लिहिलंय? अक्षर मी लांबूनच ओळखलं. तिला आत बसवलं, चहा टाकला आणि म्हटलं, फाडू नकोस, मागे आजची तारीख घाल. मग कपाटातून एक कोरी वही काढून तिला दिली.